सेटलमेंट शीटवरची अद्याक्षरं: एसकेयू, आरटीओ, टीसीएस, एसीओएस आणि बाकीची (कोल्हापूरच्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी)

पायताण_कट्टा

कोल्हापुरातून ऑनलाइन माल पाठवणारे आता सुभाषनगरच्या चप्पल कारागिरांपासून हुपरीच्या चांदीवाल्यांपर्यंत सगळीकडे आहेत. मालात कुणी कमी नाही. घोळ होतो तो सेलर पॅनेलवरच्या, म्हणजे साइटवरच्या विक्रेत्याच्या खात्यातल्या, अद्याक्षरांचा. त्यांच्या याद्या नेटवर भरपूर आहेत, पण आरटीओ म्हणजे रिटर्न टू ओरिजिन एवढं पाठ करून त्यापायी जोडामागं किती रुपये जातात ते कळत नाही. म्हणून या धाग्यात एक पथ्य पाळूया. शब्द सांगितला की तो पैशाला कुठं लागतो किंवा कुठली मुदत चुकवतो, तेही सांगायचं.

लिस्टिंगपासून, म्हणजे साइटवरच्या मालाच्या पानापासून, सुरू करतो.

एसकेयू हा तुमचा स्वतःचा कोड. एक डिझाइन, एक रंग, एक माप याला एक कोड. कापशी चप्पल दोन रंगांत आणि सहा मापांत असेल तर बारा एसकेयू झाले. कोडमध्ये डिझाइन-रंग-माप हा क्रम कायम ठेवा. किंमत किंवा कारागिराचं नाव त्यात घालू नका, कारण दोन्ही बदलतात. एक डिझाइन बंद केलं तर त्याचा कोड दुसऱ्या मालाला देऊ नका. जुन्या ऑर्डरी परत येत राहतात, त्यांचा हिशेब नव्या मालात मिसळतो आणि वर्षअखेरीला साठा जुळत नाही.

एएसआयएन हा ॲमेझॉनचा कोड, दहा अक्षरांचा. फ्लिपकार्टवर त्याच जागी एफएसएन. हा कोड वस्तूचा असतो, विक्रेत्याचा नाही. त्यामुळं एकाच कोडवर अनेक विक्रेते बसू शकतात. कारखान्यातल्या चार्जरला हे ठीक. हातानं शिवलेल्या चपलेला ते महागात पडतं. दुसऱ्याच्या लिस्टिंगवर 'मीही हेच विकतो' म्हणून बसलात आणि तुमच्या चपलेची वेणी किंवा कान फोटोपेक्षा वेगळे असले, की 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून माल परत येतो. हातकामाला स्वतःची लिस्टिंग काढा.

पेरेंट-चाइल्ड म्हणजे एका पानावर सगळी मापं. पेरेंट विकला जात नाही, तो फक्त डोक्यावरचं नाव. मापं सुटी सुटी टाकली तर रिव्ह्यू विखुरतात आणि सातचा जोड संपल्यावर गिऱ्हाईक आठचा बघायला त्याच पानावर थांबत नाही.

ईएएन म्हणजे बारकोडखालचा १३ आकडी क्रमांक. जीएस१ इंडियाकडून घेतलेला असेल तर सुरुवात ८९० ने होते. ८९० चा अर्थ क्रमांक भारतातल्या संस्थेनं दिला एवढाच. माल भारतात बनल्याचा तो पुरावा नाही. ब्रँड नसलेल्या किंवा हातकामाच्या मालासाठी जीटीआयएन सूट, म्हणजे बारकोड क्रमांकाशिवाय लिस्ट करायची परवानगी, मागता येते, ती आधी मागा. कुठूनतरी स्वस्तात मिळालेले बारकोड टाकू नका. ते दुसऱ्याच्या नावावर निघाले की लिस्टिंग बंद होते.

आणि एक्सेल. शीट भरताना सर्वांत जास्त वाटोळं इथं होतं. १३ आकडी क्रमांक सेलमध्ये ८.९ई+१२ असा दिसायला लागतो, ०८ चं ८ होतं आणि ८-९ असं माप लिहिलं तर त्याची तारीख होते. माहिती चिकटवायच्या आधी ते रकाने टेक्स्ट करून घ्या. सीएसव्ही फाइल डबल क्लिकनं उघडू नका. डेटा मेनूतून आत घ्या आणि तिथंच रकान्याचा प्रकार टेक्स्ट निवडा.

नवा_गडी

माझा सरळ प्रश्न. १,४९९ ला गेलेल्या जोडामागं बँकेत ११२५ च्या आसपास येतात. मधले पावणेचारशे कुठल्या कुठल्या नावानं जातात? आणि त्यातलं परत काही मिळतं का?

हिशेबनीस

मिळतं, पण मागितलं तर. १,४९९ चाच हिशेब मांडतो. कमिशनचे दर प्रत्येक साइटवर आणि वर्गवारीनुसार वेगळे असतात, वर्षातून बदलतातही, म्हणून खालचं १२ टक्के, ४० रुपये आणि ९० रुपये हे उदाहरणापुरते धरा. कराचे दर मात्र खरे आहेत.

आधी जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडी २,५०० रुपयांपर्यंत असेल तर पादत्राणांवर ५ टक्के, त्यावर १८. तुमची १,४९९ ही किंमत करासह आहे. म्हणजे करपात्र रक्कम १,४२७.६२ आणि कर ७१.३८. पुष्कळजण १,४९९ ला थेट ५ टक्क्यांनी गुणतात, ते चूक. १.०५ नं भागायचं.

रेफरल फी, म्हणजे आपण कमिशन म्हणतो ते. ती करासहित विक्री किमतीवर लागते. १२ टक्क्यांनी १७९.८८. क्लोजिंग फी किंवा फिक्स्ड फी, किमतीच्या टप्प्यानुसार ठरलेली, धरा ४०. शिपिंग ९०. बेरीज ३०९.८८. या सेवांवर १८ टक्के जीएसटी, ५५.७८.

मग टीसीएस आणि टीडीएस, म्हणजे साइट तुमच्या पैशातून आधीच कापून सरकारला भरते ते दोन कर. ही दोन नावं सारखी वाटतात आणि इथंच पैसे पडून राहतात.

टीसीएस जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली. २०१८ च्या ऑक्टोबरपासून १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के. परतावे वजा जाता उरलेल्या करपात्र विक्रीवर. इथं ७.१४. साइट तो भरते आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ या तिच्या विवरणपत्रात दाखवते. तुम्ही जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस अँड टीसीएस क्रेडिट रिसीव्हड' हे पान उघडून, आकडा ताडून, ॲक्सेप्ट करून फाइल केलं तरच ती रक्कम इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या जमाखात्याला, येते. नुसतं जीएसटीआर-३बी हे कराचं विवरणपत्र भरून ती येत नाही. महिन्याच्या कामात हे एक पान बांधूनच टाका.

टीडीएस आयकराचा. ऑक्टोबर २०२० पासून कलम १९४-ओ खाली १ टक्का, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, बोलताना लोक अजून १९४-ओच म्हणतात. इथं १.४३. तो आयकर पोर्टलवरच्या तुमच्या जमा कराच्या तक्त्यात (२६-एएस) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असाल, पॅन किंवा आधार दिलं असेल आणि त्या साइटवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापला जात नाही. दोन्ही दिलं नसेल तर मात्र ५ टक्के जातो.

आता १,४९९ मधून ३६५.६६, ७.१४ आणि १.४३ वजा करा: १,१२४.७७. हे तुमचे ११२५.

खरी कमाई काढताना कर दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवा. १,४२७.६२ वजा ३०९.८८, उरले १,११७.७४. फीवरचे ५५.७८ तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळते, मिळतात, पण साइटवर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) नोंदलेला असेल तर आणि ते पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या तक्त्यात दिसलं तरच. कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर मिळत नाहीत.

जोडाची सीओजीएस, म्हणजे माल तयार व्हायला प्रत्यक्ष लागलेला खर्च, ७०० धरा. त्यात चामडं, शिलाई, मजुरी आणि गोंडा-वेणीचं काम सगळं आलं. पॅकिंग ३५. शिल्लक ३८२.७४. याला लोक नफा म्हणतात. तो अजून नफा नाही, यातून परतावे आणि जाहिरात जायची आहे.

नवा_गडी

समजलं. मग जीएसटी नंबर नसेल तर विकताच येत नाही का? कारागीर मंडळी विचारतात.

हिशेबनीस

१ ऑक्टोबर २०२३ पासून सूट आहे. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल तर पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घेऊन साइटवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. पुणे-मुंबई-नागपूर चालेल, बेळगाव चालणार नाही. कॉम्पोझिशनवाल्यांनाही त्याच तारखेपासून राज्यांतर्गत मुभा मिळाली. कोल्हापुरीची मागणी राज्याबाहेरही असते, त्यामुळं बहुतेकांना नियमित नोंदणी करावीच लागते.

बांधणीवाला

हिशेबनीस दादांनी शिपिंग ९० धरलं, ते ९० राहील की १४० होईल हे खोका ठरवतो.

व्हॉल्युमेट्रिक वेट: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, उत्तर किलोत. हे वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्यावर आकारणी. वर ५०० ग्रॅमचे टप्पे.

चपलेचा जोड पॅकिंगसह काट्यावर ९०० ग्रॅम आहे असं धरू. बाजारात मिळणारा ३२ × २० × १२ चा खोका घेतला तर ७,६८० भागिले ५,०००, म्हणजे १.५४ किलो. टप्पा २ किलोचा. तोच जोड तळाला तळ लावून, एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याकडे अशी उलटसुलट ठेवली तर ३० × १६ × १० मध्ये बसतो: ०.९६ किलो, टप्पा १ किलोचा. माल तोच, दोन टप्प्यांचा फरक. खोका बाहेरून मोजा, आतून नाही. टेपनं फुगलेली बाजूही मोजमापात येते.

वेट डिस्क्रेपन्सी म्हणजे तुम्ही भरलेलं वजन वेगळं आणि त्यांच्या मशीननं घेतलेलं वेगळं. वाद घालायचा तर काट्यावरचा फोटो आणि तिन्ही बाजूंना फूटपट्टी लावलेले फोटो लागतात, लेबल दिसेल असे. प्रत्येक एसकेयूचे हे फोटो एकदाच काढून ठेवा. फोटो नसेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

चामड्याचा जोड हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. कोल्हापुरी चामडं झाडाच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, ते ओल धरतं आणि प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. बटर पेपर, कापडी पिशवी, सिलिका जेलची पुडी आणि मग पन्हाळीचा खोका. प्लॅस्टिकची कुरिअर पिशवी सगळ्यात बाहेरून. गोदामाच्या नियमात आतल्या पिशवीची सक्ती असेल तर तिला बारीक छिद्रं पाडलेली घ्या.

एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा माग काढायचा क्रमांक, पीओडी म्हणजे पोचल्याचा पुरावा. दोन्ही क्लेमला लागतात. आणि मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीवाल्याला दिलेल्या पार्सलांची यादी, तिच्यावर सही घेतल्याशिवाय माल गाडीत चढवू नका. पार्सल गहाळ झालं की 'उचललंच नव्हतं' याला उत्तर तेवढंच.

शाहूपुरीकर

आरटीओ आणि कस्टमर रिटर्न एकच ना? माल परत आला हे खरं.

पायताण_कट्टा

एक नाही दादा, आणि वेगळे मोजले नाहीत तर दुखणं कुठं आहे तेच कळत नाही.

आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात माल गेलाच नाही. फोन लागला नाही, पत्ता सापडला नाही किंवा सीओडी (माल हातात आल्यावर पैसे) होती आणि दारात नको म्हणाले. प्रत्येक फसलेल्या खेपेची नोंद म्हणजे एनडीआर. स्वतःच्या साइटवरून कुरिअर पाठवत असाल तर एनडीआर आल्याच्या दिवशीच गिऱ्हाइकाला फोन करून नवी वेळ कुरिअरच्या पॅनेलवर टाका. दोन-तीन खेपांनंतर माल उलटा निघतो आणि मग थांबवता येत नाही. बाजारपेठेच्या साइटवर हे तुमच्या हातात नसतं. तिथं हातात आहे ते लवकर पाठवणं. माल जितका उशिरा पोचतो तितकी सीओडी नाकारली जाते.

कस्टमर रिटर्न म्हणजे माल हातात गेला, बघितला, परत केला. चपलेत याचं पहिलं कारण माप. '८ नंबर' एवढं लिहून भागत नाही, कारण आपला नंबर, यूके नंबर आणि ईयू नंबर यांचे घोटाळे होतात. आतल्या तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. कागदावर पाय ठेवून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत कसं मोजायचं याचं चित्र दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत द्या. आणि हे स्पष्ट लिहा की नवीन कोल्हापुरी पट्ट्यात घट्ट वाटते, वापरानं रुंदीला सैल होते, पण लांबीला वाढत नाही. हे एक वाक्य वाचून लोक योग्य माप घेतात.

पैशात फरक असा. आरटीओमध्ये बहुतेक करून पॅकिंग आणि अडकलेला वेळ जातो, काही ठिकाणी भाडंही. कस्टमर रिटर्नमध्ये जाण्याचं आणि येण्याचं भाडं, पॅकिंग, आणि वापरलेला जोड आला तर अख्खी सीओजीएस.

परत आलेलं प्रत्येक पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा. न थांबवता एकच चित्रीकरण: आधी लेबलवरचा एडब्ल्यूबी वाचता येईल असा, मग सहाही बाजू, मग टेप कापणं, मग जोड आणि त्याचा तळ. मध्ये कट असला की तो पुरावा धरत नाहीत. तळाच्या आत, पट्ट्याखाली दिसणार नाही असा एसकेयूचा छोटा ठसा मारून ठेवा. दुसराच जुना जोड परत आला तर तो ठसा दाखवता येतो. ॲमेझॉनवर या भरपाईच्या अर्जाला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ. दोन्हीकडं मुदत असते, ती परतावा नोंदल्यापासून मोजली जाते. म्हणून आठवड्याचे परतावे साठवून रविवारी उघडायचे ही पद्धत मोडा.

पावसाळ्यात परत आलेला जोड लगेच साठ्यात ठेवू नका. सुक्या फडक्यानं पुसून सावलीत वाऱ्यावर दोन दिवस. उन्हात ठेवलात तर चामडं कडक होऊन पट्ट्याला भेगा पडतात.

जाहिरातीचं_गणित

एसीओएस, आरओएएस, टीएसीओएस यावर लिहितो.

जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून आलेली विक्री, हा एसीओएस, टक्क्यांत. उलटं केलं की आरओएएस. २० टक्के एसीओएस म्हणजे ५ चा आरओएएस. टीएसीओएसमध्ये तोच खर्च एकूण विक्रीला भागतात, जाहिरातीविना आलेलीही धरून. एसीओएस तसाच राहून टीएसीओएस खाली येत असेल तर लिस्टिंग स्वतःच्या पायावर उभी राहते आहे. दोन्ही वर जात असतील तर जाहिरात बंद केली की विक्री बंद, अशी गत.

सीपीसी म्हणजे एका क्लिकचे पैसे. सीटीआर म्हणजे शंभर जणांना दिसली तर किती जणांनी दाबलं. सीव्हीआर म्हणजे दाबणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतलं. सीटीआर कमी असेल तर दोष पहिल्या फोटोत, किमतीत किंवा शब्द निवडण्यात. सीटीआर चांगला आणि सीव्हीआर पडका, तर दोष पानाच्या आत: मापांचा तक्ता नाही, हवं ते माप ओओएस, म्हणजे संपलेलं, किंवा पोचायची तारीख लांबची. सातचं आणि आठचं माप संपलेलं असताना जाहिरात चालू ठेवणं म्हणजे क्लिकचे पैसे वाया. आधी तेवढ्या एसकेयूची जाहिरात थांबवा.

शब्दही बघून निवडा. नुसत्या 'चप्पल'वर बोली लावली तर बाथरूमच्या रबरी चपला शोधणाऱ्यांचे क्लिक तुम्ही भरता. 'रबर', 'पीयू' (नकली चामडं), 'फ्लिप फ्लॉप' हे निगेटिव्ह शब्दांत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांत, टाका. 'लेदर', 'पुरुष', 'हँडमेड' यांच्यासह कोल्हापुरी असे लांब शब्दसमूह वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा सर्च टर्म रिपोर्ट काढा. निर्णय घ्यायला पुरेसे क्लिक होऊ द्या. पाच क्लिकांवर शब्द बंद करू नका.

ब्रेक-ईव्हन एसीओएस म्हणजे जिथं जाहिरात ना नफा ना तोटा होते तो आकडा. वरच्या हिशेबात ३८२.७४ भागिले १,४९९, म्हणजे साधारण साडेपंचवीस टक्के.

हिशेबनीस

इथं थांबवतो दादा. साडेपंचवीस धरून बोली लावली तर पैसे जातील, कारण त्यात परतावे नाहीत. मांडून दाखवतो.

१०० जोड गेले धरा. ८ आरटीओ, १२ कस्टमर रिटर्न, ८० राहिले. राहिलेल्यांवर ८० × ३८२.७४ = ३०,६१९. आरटीओचं पॅकिंग ८ × ३५ = २८०. रिटर्नचं जाण्यायेण्याचं भाडं १६० आणि पॅकिंग ३५, असे १२ × १९५ = २,३४०. त्यातले दोन जोड विकण्याजोगे उरले नाहीत, १,४००. हातात २६,५९९.

आता जाहिरातीचं पॅनेल विक्री किती दाखवतं? १०० ऑर्डरींची, १,४९,९००. नंतर परत आलेला माल ते त्यातून वजा करत नाही. म्हणून पॅनेलवरच्या आकड्याशी ताडायचा ब्रेक-ईव्हन एसीओएस २६,५९९ भागिले १,४९,९००, म्हणजे १७.७ टक्के. आरओएएस साडेपाचच्या वर हवा. २५ टक्क्यांवर चालवलंत तर विक्री वाढत जाईल तसा तोटा वाढत जाईल, आणि पॅनेल हिरवंच दिसेल.

१०० ऑर्डरींमागं जाहिरात ८,००० झाली तर उरले १८,५९९. राहिलेल्या ८० जोडांवर विभागले तर जोडाला २३२. आधीचे ३८२ आणि हे २३२, दरम्यानचे दीडशे परताव्यात आणि जाहिरातीत. घरभाडं, वीज, माणसाचा पगार अजून यातूनच.

जीएमव्ही आणि एनएमव्ही हा फरकही हाच. जीएमव्ही म्हणजे आलेल्या सगळ्या ऑर्डरींची किंमत. एनएमव्ही म्हणजे रद्द झालेल्या आणि परत आलेल्या वजा करून उरलेली. कर्ज घेताना, भागीदार घेताना, चामड्याची ऑर्डर देताना एनएमव्हीवर बोला.

ताळमेळ, ज्याला रिकन्सिलिएशन म्हणतात, तो ऑर्डर आयडीवर करा. एका शीटमध्ये विक्री अहवाल, दुसऱ्यात सेटलमेंट, म्हणजे साइटनं दिलेल्या पैशांचा हिशेब, तिसऱ्यात प्रत्यक्ष परत मिळालेल्या पार्सलांची तुमची नोंद. व्हीलूकअप लावून तीन गोष्टी शोधा. माल गेला, पैसे आले नाहीत. पैसे कापले, माल परत आला नाही. आणि फी रेट कार्डपेक्षा जास्त लागली. दुसऱ्या प्रकारातला पैसा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, कारण गोदामात न आलेलं पार्सल डोळ्याला दिसत नाही.

जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात राज्यनिहाय विक्री टाकताना परतावे वजा करा, आणि टीसीएस कापलेल्या विक्रीचा आकडा साइटनिहाय तक्ता १४ मध्येही द्यावा लागतो. कर्नाटकात गेलेल्या मालावर आयजीएसटी, महाराष्ट्रातल्यावर सीजीएसटी-एसजीएसटी. माल जिथं पोचतो ते राज्य धरायचं.

गूळ_मसाला

खाण्याच्या मालाची अद्याक्षरं वेगळी, ती मी लिहिते.

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरण, याचा क्रमांक १४ आकडी. १ ने सुरू होत असेल तर लायसन्स, २ ने असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. पाकिटावरचा, लिस्टिंगवरचा आणि पॅनेलवरचा पत्ता एकच हवा. घरी कांडप आणि गोदाम दुसरीकडं असेल तर दोन्ही जागांचे कागद बघून घ्या.

पाकिटावर करांसहित एमआरपी, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक, किती काळ चांगलं राहील, घटक, शाकाहाराची हिरवी खूण, तक्रारीसाठी फोन आणि पत्ता. यातल्या बऱ्याच गोष्टी लीगल मेट्रॉलॉजीच्या नियमानं लिस्टिंगवरही दिसाव्या लागतात, २०१८ च्या जानेवारीपासून.

फेफो म्हणजे आधी संपणारा माल आधी बाहेर. मसाल्याला फिफो, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर, पुरत नाही, कारण उशिरा आलेल्या बॅचची मुदतही आधी संपू शकते. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत अशी एफएसएसएआयची अपेक्षा आहे. म्हणून गोदामाला जुना माल पाठवूच नका, तो तिथं अडकतो आणि परत आणायचं भाडं लागतं.

कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं. साधी झिप पिशवी पाझरली की लेबल पुसलं जातं आणि बरोबरचं दुसऱ्याचं सामानही खराब होतं. उष्णतेनं सील केलेली जाड बहुपदरी पिशवी, वर खोका. सील दाबून बघा. मसाल्याचा कण सीलच्या पट्टीत अडकला की तिथूनच गळतं.

गुळाला दमट हवेत पाणी सुटतं, कोरड्यात वजन घटतं. १ किलो छापून ९८० ग्रॅम निघाला तर वजनमापाचा गुन्हा होतो. भरताना थोडा जादा भरा आणि हवा न शिरणारं पाकीट वापरा. सुट्या गुळाला जीएसटी नाही, पण १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या गुळाला ५ टक्के आहे. ऑनलाइन जाणारा गूळ पॅकबंदच असतो, तेव्हा शून्य टाकून लिस्ट करू नका.

शाहूपुरीकर

जीआय आणि टीएम? चपलेवर दोन्ही लावता येतात का?

पायताण_कट्टा

येतात, कामं वेगळी आहेत. ट्रेडमार्क तुमच्या एकट्याच्या नावाचा. पादत्राणांचा वर्ग २५, मसाला-गुळाचा ३०. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. अर्ज केला की टीएम लिहिता येतं, नोंदणी झाल्यावरच आर. ब्रँड रजिस्ट्रीला, म्हणजे साइटवर ब्रँड नोंदवायला, हाच कागद लागतो, आणि ती झाली की तुमच्या लिस्टिंगवर भलत्यानं फोटो बदलणं रोखता येतं.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, प्रदेशाचा. कोल्हापुरी चपलेचा जीआय महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांना, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चारांना आहे. कोल्हापूरच्या गुळालाही जीआय आहे, २०१४ पासून. तो वापरायला नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करावा लागतो. फक्त जिल्ह्यात राहणं पुरत नाही. कारागिरांनी हे करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पीयूच्या चपलेवर 'कोल्हापुरी' लिहून विकणाऱ्याविरुद्ध तक्रारीच्या फॉर्ममध्ये टाकायला क्रमांक असतो, नुसती हळहळ राहत नाही.

एचएसएन, म्हणजे करासाठी मालाचा वर्ग सांगणारा कोड, तोही चपलेचा नीट निवडा. चामड्याचा तळ, आणि वर पायाच्या घोट्यापुढून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे, या वर्णनाला ६४०३२० हे स्वतंत्र उपशीर्षक आहे. सरसकट ६४०५ टाकू नका.

नवा_गडी

शेवटचा प्रश्न साठ्याचा. भिवंडीच्या गोदामात माल ठेवायचा म्हणतोय. एफबीए घ्यायचं तर काय काय लागतं, आणि किती माल पाठवायचा?

बांधणीवाला

एफबीए म्हणजे माल त्यांच्या गोदामात, पॅकिंग आणि पाठवणी त्यांची. ईझी शिपमध्ये माल तुमच्याकडं, उचलतात ते. सेल्फ शिपमध्ये सगळं तुमचं. एफबीएला प्रत्येक नगावर एफएनएसकेयूचं, म्हणजे नग कुणाचा ते सांगणाऱ्या ॲमेझॉनच्या कोडाचं, लेबल लावा, निर्मात्याच्या बारकोडवर भागवू नका.  हातकामाला तर हे हवंच.

भिवंडी आपल्याच राज्यात, म्हणून नवा जीएसटी नंबर नको. आहे त्याच नोंदणीत ती जागा एपीओबी, म्हणजे व्यवसायाची जादा जागा, म्हणून जोडायची. माल नेताना विक्री होत नाही, तेव्हा डिलिव्हरी चलान. राज्यांतर्गत ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मर्यादा महाराष्ट्रात १ लाख आहे. बेंगळुरूच्या गोदामात ठेवायचा म्हटलं तर कर्नाटकची वेगळी नोंदणी, टॅक्स इनव्हॉइस, आयजीएसटी आणि ५०,००० च्या वर ई-वे बिल.

किती पाठवायचा ते डीआरआर सांगतो, रोजची सरासरी विक्री. माल संपलेले दिवस सरासरीतून वगळा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. आरओपी, म्हणजे पुन्हा माल सांगायचा बिंदू = डीआरआर × (माल तयार होऊन पोचायचे दिवस + राखीव दिवस). रोज ६ जोड, १२ दिवस, ५ राखीव: १०२ जोड. साठा १०२ ला आला की कारागिराला सांगायचं. हा हिशेब प्रत्येक मापाचा वेगळा करा. पुरुषांत मधली मापं आधी संपतात आणि टोकाची पडून राहतात.

पावसाळ्यात मात्र १२ दिवस धरू नका. चामडं वाळत नाही, तळ चिकटून शिवायला वेळ लागतो. २५ दिवस धरले तर आरओपी १८० होतो. तो साठा मेअखेर तयार हवा.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. गाडी आली नाही तरी एसएलए, म्हणजे पाठवायची मुदत, चालूच राहते. ॲमेझॉनवर उशिरा पाठवण्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आत, पाठवण्याआधी रद्द करण्याचं २.५ टक्क्यांच्या आत आणि ओडीआर, म्हणजे बिघडलेल्या ऑर्डरींचं प्रमाण, १ टक्क्याच्या आत लागतं. आठवडाभर अडकलेल्या ऑर्डरी हे तिन्ही बिघडवतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ कडं सरकायला लागली की त्याच दिवशी हॉलिडे मोड लावा (नव्या ऑर्डरी थांबतात) किंवा हँडलिंग टाइम, म्हणजे पाठवायला घेतलेले दिवस, वाढवा, ४३ ची वाट बघू नका. मोड लावण्याआधी आलेल्या ऑर्डरी तुम्हाला पाठवाव्याच लागतात. नवरात्रात महाद्वार रोड परिसरातून पिकअप असेल तर गाडी आत येत नाही, तेव्हा पिकअपचा पत्ता आधीच बदलून घ्या. पत्ता बदलायला पॅनेलवर पडताळणी लागते, म्हणून घटस्थापनेच्या आठवडाभर आधी.

एफबीएतला माल पुराच्या आधी भिवंडीला पोचलेला असेल तर तो विकला जात राहतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ४५ दिवसांचा साठा तिकडं टाका. त्याहून जास्त नको, गोदामभाडं घनफळावर लागतं आणि पडून राहिलेल्या मालाला वेगळा आकार असतो.